कॉम्पुटरची खिडकी अन् सात नंबरचा गठ्ठा

वाशीमात त्या टायमाले कॉम्पुटर होता असं म्या सांगतलं का लोकं माह्या तोंडाचा वास घेतात. पन होता. अन् त्याच्या खिडकीवर बसून, कोनाचं काम मशीनीत जाईन अन् कोनाचं नाई, हे जो मानूस ठरवे त्याले स्वतःचं नाव वाचता येत नोतं. तो मानूस म्हंजे मी.

लिहाले मी पन्नाशीत शिकलो. घरात सारे भाऊ-बहीन शाळेत गेले, कोनी मास्तर झालं, कोनी नर्स झालं. मीच एक पाटी इहिरीत टाकून शंकरपटाच्या शर्यतीतले बैल पाह्याले पयालो. म्हून वाचनाऱ्यानं ध्यानात ठेवा, अवघड जोडाक्षर समोर आलं का मी आडवाटेनं जातो.

कॉम्पुटर आला तो एकोनीसशे सत्तरीच्या शेवटाकडच्या सालात. मुंबईच्या एका कापसाच्या कंपनीनं नवा घेतला अन् जुना आमच्या कालेजाले देऊन टाकला, काहून का कालेजाच्या अध्यक्षसायबाचे साळे तिकडं मोठ्या खुर्चीवर होते. ट्रकातून चार लोखंडी कपाटं उतरली. मी हमालीत होतो. शेवटचं कपाट घसरलं अन् थेट माह्या पायावर बसलं. मशीन सांभाळाले पुन्याहून प्रधान बाई आल्त्या. वय तिशीच्या आत, गनितात भल्ल्या शिकलेल्या. त्या पयत आल्या.

"मशीन वाचावं म्हणून तुम्ही पाय मध्ये घातलात?" बाईनं इचारलं. डोये भरून आल्ते त्यायचे.

मले पाय काढताच आला नोता. पन दुखून एवढं राह्यलं होतं का तोंडातून फकस्त "हाव" निंगालं. त्या एका "हाव"वर मले नोकरी लागली. दुसऱ्या दिवसापासून बाई मले दौलतराव म्हनाले लागल्या. घरी मी दौल्या होतो, हमालीत अबे होतो. राव म्हननारं ते पयलंच तोंड.

आता मशीनीचं काम कसं चाले ते सांगतो. गावातली पिठाची चक्की पाह्यली ना? तसंच. मशीन एक, दळन आननारं अख्खं गाव. दळन म्हंजे आकडे. कोन्या इहिरीले किती पानी, कोन्या पोट्ट्याले किती मार्क. हे आकडे पोस्टकार्डाहून उलीसं लांब अशा जाड कार्डावर बारीक चौकोनी भोकं पाडून आनाचे. अन् त्या आकड्यायचं काय कराचं, बेरीज का भागाकार का यादी, हे मशीनले सांगनारा दुसरा गठ्ठा राहे. त्याले प्रोग्राम म्हनाचं. तेबी कार्डंच, तेबी भोकंच. आकडे म्हंजे दाने अन् प्रोग्राम म्हंजे जातं. मशीनले काई समजत नाई दाने कोनाचे अन् जातं कोनाचं. जे घातलं ते गरगर फिरवते. कोनी गोटे घातले तं गोटेबी फिरवते, अन् बाकीचे लोकं टोपलं घेऊन बाहेर उभे.

कालेजातले पोट्टे गोटे लय आनत. एकानं असा प्रोग्राम आनला का संपेच ना. सकाळपासून दुपारलोक मशीन एकच बेरीज करून राह्यली होती, अन् तहसीलची मानसं ओट्यावर बिड्या फुकत बसली होती. तवा बाईनं अकरा प्रोग्रामायची यादी केली. बाहेरच्या मानसाले या अकरातलाच चालवता येईन, दुसरा कोनताच नाई. दळन तुमचं, जातं आमचं. यादी खिडकीवर चिकटोली अन् मले म्हने, "दौलतराव, यादीत असेल तरच आत घ्यायचं."

"जी बाई," म्या म्हटलं.

मंग काय, पोट्ट्यानं गठ्ठा देल्ला का मी गठ्ठ्याकडं पाहो, यादीकडं पाहो, कपायाले आठ्या पाडो अन् घेऊन टाको. आठ्या अशा जबर पाडो का पोट्टे घाबरत. मले वाटे चाललं आपलं बरोबर.

एक दिवस यादी हवेनं खाली पडली. म्या परत चिकटोली. उलटी. तीन दिवस मी उलट्या यादीकडं पाहून आठ्या पाडत होतो. हे फकस्त एकाच्याच ध्यानात आलं. शिरपूरचा सुधाकर, शेवटच्या वर्गात होता, डोकं वस्तऱ्यावानी.

त्याच दिवशी बाई मले सांगून जेवाले गेल्त्या का आज मशीनीतून तालुक्याचा नकाशा छापून निंगनार हाये, तो तसाच अध्यक्षसायबाले नेऊन द्या. उलीशा वेळानं छापाची मशीन खडखड कराले लागली. कागद निंगाला, हातभर रुंद, माह्या उंचीचा. साऱ्या बारीक अक्षरायचं चित्र. वरून खाली काळी नदी वाहून राह्यली होती, मधात दोन तलाव होते, खाली एक लाल... नाई, लाल नोतं, मले तसं वाटलं. म्या म्हटलं, वा! काय नकाशा हाये! गुंडाळला अन् नेला.

अध्यक्षसायबापाशी चार पाहुने बसले होते. म्या साऱ्यायच्या समोर टेबलावर उलगडला. "सायेब, आपला तालुका."

सायबानं कागद आडवा करून पाह्यला, परत उभा केला. मंग म्हने, "दौलत, हा तालुका म्या अजून पाह्यला नाई बाप्पा."

ते सिनेमातल्या एका हिरोइनीचं तोंड होतं. ज्याले मी नदी म्हनत होतो ते तिचे केस. सुधाकरचा गठ्ठा होता तो, म्याच आठ्या पाडून आत घेतला होता.

दुपारी बाईनं मले समोर बसवलं. "दौलतराव, तुम्हाला वाचता येत नाही." हे इचारलं नोतं, सांगतलं होतं.

म्या म्हटलं एका दमात सारं कबूल करून टाकू. "नाई येत बाई. अन् पायाचंबी खोटं होतं. मले काढता आला नोता."

मले वाटलं गेली नोकरी. बाई उलीशा हासल्या. म्हने, "मशीनलाही वाचता येत नाही. ते फक्त भोकं बघतं. तुम्हीही भोकंच बघा."

त्यायनं अकराई प्रोग्रामायच्या पयल्या कार्डाची एक एक नक्कल करून मले देल्ली. मानसानं गठ्ठा आनला का त्याचं पयलं कार्ड अन् आपलं नमुन्याचं कार्ड एकावर एक ठेवाचं अन् खिडकीच्या उजेडाकडं धराचं. साऱ्या भोकातून उजेड आला तं खरं. एकबी भोक बंद दिसलं तं घे बाप्पा परत.

सुधाकर दुसऱ्याच दिवशी असं कार्ड घेऊन आला का ज्यात नुसते भोकंच भोकं. चाळनी! कोन्याबी नमुन्यावर ठेवा, उजेड येतेच. मी फसलो. मंग शिकलो का कार्डं पलटवून मागूनबी पाहाचे, तवा जास्तीचे भोकं समजतात. मंग तो पयलं कार्ड खरं अन् मागं सारा आपला माल घालून आनू लागला. मी परत फसलो.

तवा मले माह्या बापाची गंजी आठोली. कडब्याच्या गंजीवर बाप चुन्याची तिरपी रेघ मारून ठेवे. कोनी रात्री पेंढी ओढली का रेघ तुटे. म्या घरून पोळ्याचा उरलेला गेरू आनला. बाईनं तपासून देल्लेला गठ्ठा म्या घट्ट धरला अन् त्याच्या डोक्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यालोक तिरपी रेघ ओढली. आता कोनी मधात परकं कार्ड घातलं का लाल रेघेत पांढरी फट दिसे.

बाईनं रेघेवरून बोट फिरोलं. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कडब्यानं," म्या म्हटलं.

त्या दिवसापासून मी खिडकीवर असा बसो जसा तहसीलदार. एक मटक्यावाला रोज ये अन् म्हने, "दौलतभाऊ, मशीनले उद्याचा आकडा इचार ना." म्या एकदा म्हटलं, "इचारला. मशीन म्हने, मले माहीत असता तं मी वाशीमात काहून राह्यली असती?" तो हासला नाई. त्याले ते पटलं.

पन अकरात एक नंबर असा होता का मले त्याचा वास येत होता. सात नंबर. तहसीलचा मानूस कधी सात मांगत नोता. मास्तर लोकं मांगत नोते. सात मांगत फकस्त सुधाकर अन् त्याचे दोस्त, अन् सात मांगतानी आपसात हासत. मले त्यातलं काई समजत नोतं, पन खिडकीवर बसून बसून हासनं वाचता येत होतं. एका सोमवारी म्या बाईले इचारलं, "बाई, हा सात नंबर काय करते हो?"

बाई म्हने, "त्याच्यामागे जी कार्डं येतील ती तो मशीनमध्ये चढवतो आणि चालवतो. माझ्या सोयीसाठी यादीत ठेवला होता."

"म्हंजे जातं आमचंच," म्या म्हटलं, "पन त्या जात्यात मानूस आपलं जातं घालू शकते."

बाईनं डोक्याले हात लावला. मंग म्हने, "दौलतराव, तुम्ही शाळेत गेला असतात तर माझी नोकरी गेली असती."

हे वाक्य म्या आजलोक सांभाळून ठेवलं हाये.

बाईनं सात नंबर कपाटातून काढला, अन् एक नवाच प्रोग्राम आधीच करून ठेवला होता तो मशीनीत चढोला. तो आमी दरवान म्हनत होतो. रोज सकाळी सर्वाच्या आधी मशीनीत तो जाऊन बसे. कोनताबी गठ्ठा आला का त्याचं पयलं कार्ड तो पाहे. मंजूर असलेल्या दहात बसलं तं पुढं, नाई तं लाल दिवा, अन् मशीनीच्या टाइपरायटरवर एक ओळ छापून ये: अमका नंबर आला होता, परवानगी नाई. हे दहा नमुने त्याले शिकवाचं काम बाईनं मले देल्लं. म्या माह्या हातानं एक एक कार्ड भरलं.

शेवटी बाई म्हने, "अडीअडचणीला तुमच्या-माझ्यासाठी सातची वाट ठेवायची का?"

म्या छाती फुगोली. "नाई बाई. तुमच्यासाठी नाई, अन् माह्यासाठी तं बिलकुल नाई. मानसाचा काय भरोसा?"

हे झालं सोमवारी. आता शनिवारचं आयका.

तवा तहसीलची पान्याची पाह्यनी चालू होती. चाळीसक गावातल्या इहिरीचे आकडे सीलबंद पेट्यात आल्ते. मशीनीतून यादी निंगनार होती, का कोन्या गावाले पानी सर्वात खोल हाये. त्या यादीनं बोरिंगची गाडी फिरनार होती. वर नाव असलं तं उन्हाळ्याच्या आधी हातपंप, खाली असलं तं पुढच्या साली.

माह्यं गाव रिठद. तिथं माह्यी माय नाल्यातल्या झिऱ्यावर पानी भरे. वाळूत खड्डा कराचा, वाटीनं पानी काढाचं, एक पितळेचा गुंड भराले तास लागे. तिची कंबर गेल्ती.

गुरुवारी उत्तमदादा बसनं आला. माह्या आत्याचा पोरगा, गावचा उपसरपंच. थैलीतून त्यानं एक गठ्ठा काढला.

"दौल्या, हे त्या शिरपूरच्या सुधाकरनं करून देल्लं. सात नंबरची नक्कल हाये त्याच्यापाशी, ते वरतं लावली हाये. यादी अशीच्या अशी निंगते, फकस्त रिठद सर्वात वर. शनिवारी तुही बाई तहसीलात मीटिंगले हाये."

"नाई दादा. नाई जमत."

"काहून नाई जमत? खिडकीवर तू, मशीनीवर तू!"

"म्हूनच नाई जमत."

दादा उठला. थैली झटकली. अन् जाता जाता म्हने, "मामी परवा झिऱ्यावर पडली. तुले सांगू नको म्हने."

म्या गठ्ठा घेतला.

मानसं मले आजबी इमानदार दौलत म्हनतात, म्हून हे लिहून राह्यलो. म्या गठ्ठा घेतला. कोनी जबरदस्ती केली नाई.

शनिवारी दुपारी बाई तहसीलात गेल्या. दादा बाहेर ओट्यावर बसला. म्या आतून कडी लावली. पन सवय अशी का त्या खोट्या गठ्ठ्याचं पयलं कार्डबी म्या उजेडाकडं धरलं. त्याच्या डोक्यावर गेरूची तिरपी रेघबी ओढली. चोरीचा माल, अन् मी त्याले नीट शिक्का मारून राह्यलो होतो! मंग मशीनीत घातला.

टक. लाल दिवा. टाइपरायटरवर एक ओळ.

मले वाटलं कार्ड वाकडं गेलं. परत घातलं. टक. लाल दिवा. दुसरी ओळ.

म्या मशीनीपाशी वाकून हळूच म्हटलं, "अबे, मी हाये. दौलत." अन् तिसऱ्यांदा घातलं.

टक.

तवा माह्या टकुऱ्यात उजेड पडला. सात काढाले लावला होता म्याच. दहा भरले होते म्याच. सोमवारी छाती फुगवून माह्यासाठी बिलकुल नाई म्हननारा तो मीच होतो. मी गठ्ठा घेऊन बाहेर आलो.

"झालं का?" दादानं इचारलं.

"नाई म्हने."

"कोन?"

"मशीन."

"मंग तू सांग ना तिले!"

"म्याच सांगून ठेवलं तिले सोमवारी, का माह्यं आयकू नको."

दादा माह्याकडं असा पाह्यला जसा मी येडा हाये. "तू रिठदचा नाईच बे," म्हने, अन् बसस्टँडकडं चालाले लागला.

टाइपरायटरच्या कागदी पट्टीवर तीन ओळी तशाच होत्या. फाडाले म्या हात लावला. पन फाडली असती तं बाईनं इचारलं असतं पट्टी कोठी गेली, अन् खोटं सांगाले अक्कल लागते. राहू देल्ली. रविवार कसा काढला ते मलेच ठाऊक.

सोमवारी बाईनं पट्टी पाह्यली. "शनिवारी तीन वेळा सात नंबर कोणी लावला?"

"म्या."

"कोणासाठी?"

"मायसाठी." अन् म्या झिऱ्याचं, दादाचं, सारं सांगतलं.

बाईनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकदा नाही म्हटल्यावर आणखी दोनदा कशाला लावलात?"

"मले वाटलं, मशीनीनं मले ओळखलं नसन."

बाईले हासू आलं का रडू, मले समजलं नाई. "ओळखत नाही, म्हणून तर तिच्यावर काम सोडता येतं," त्या म्हने. पट्टी त्यायनं फाइलीत लावली. "ही इथे राहील. तुम्हीही राहा."

मंगळवारी साऱ्यायच्या देखत खरी यादी छापली. रिठद एकोनिसाव्या नंबरवर.

पन खाली नाव आलेल्या गावच्या पुढाऱ्यायनं गिल्ला केला. कॉम्पुटरच्या खिडकीवर रिठदचा मानूस बसते, यादीत गडबड हाये, रद्द करा. यादी रद्द झाली असती तं त्या उन्हाळ्यात एकाबी गावाले पंप मियाला नसता. चौकशीले एक मोठे सायेब आले. त्यायनं यादीवर बोट ठेवलं अन् रिठद शोधत शोधत खाली खाली गेले. एकोनीसवर बोट थांबलं. माह्याकडं पाहून म्हने, "अरे, हा तर आपल्याच गावाचा वैरी दिसतो!"

मंग त्यायनं फाइल चाळली अन् पट्टी सापडली. "हे तीनदा नाकारलेलं काय आहे?"

बाई माह्याकडं पाहत राह्यल्या. त्यायनं खोटं सांगतलं नाई अन् खरंबी नाई. जागा माह्यासाठी ठेवली होती.

"ते म्या लावलं होतं सायेब," म्या म्हटलं.

सायेब खुर्चीतून उठले. "शाब्बास! म्हणजे कुलूप लागतं की नाही हे स्वतः तीनदा तपासून पाहिलंत?"

मले सांगाचं होतं. पन तोंडातून फकस्त "हाव" निंगालं. पायावर कपाट पडलं होतं तवा निंगालं होतं, तेच "हाव".

यादी कायम झाली. गाडी निंगाली. रिठदले पंप लागला तो पुढच्या साली. मायले आनखी एक उन्हाळा झिऱ्यावर जा लागलं. चांगल्या कामाची गोष्ट सांगतानी ते मले आजबी टोचते.

पंपाच्या उद्घाटनाले गावानं माहा सत्कार ठेवला. चौकशीच्या सायबानं माह्याबद्दल कागदावर काई चांगलं लिहिलं होतं म्हंते. भाषन कोनाचं? उत्तमदादाचं. "ज्यानं आपल्या गावासाठीबी नियम मोडला नाई, असा आपला दौलतराव!" टाळ्या पडल्या. दादानं शाल पांघरोली अन् कानात म्हने, "तोंड उघडशीन तं पाह्य."

घरी आल्यावर म्या मायले सारं सांगतलं. ती पंपाचं पानी पेत बसली होती. गिलास खाली ठेवला, शाल बोटानं चाचपली.

"म्हंजे तुले तं कराचंच होतं."

"हाव माय."

"अन् त्या मशीननं करू देल्लं नाई."

"हाव."

"मंग हे शाल तिले द्याले पायजे होती ना रे."

दुसऱ्या दिवशी मी पयल्या बसनं वाशीमले आलो. बाई येन्याच्या आधी शाल मशीनीच्या कपाटावर ठेवली, त्याच कपाटावर, जे माह्या पायावर बसलं होतं.

बाई आल्या. "हे काय, दौलतराव?"

"सत्कार हाये बाई. गावानं चुकून भलत्यालेच केला होता."

बाई हासल्या नाई. त्यायनं शालीची घडी उकलली, कपाटावर दोनी बाजूनं नीट पांघरोली, अन् सकाळचं पयलं काम, दरवानाचा गठ्ठा, माह्या हातात देल्ला.

"आधी याला बसवा," त्या म्हने, "मग खिडकी उघडा."